दोन एकरांत वर्षभराचे ताट: कोरडवाहू पट्ट्यातील कुटुंबाने आपले अन्न आपण कसे पिकवावे

पाच माणसांच्या घराला वर्षाला साडेपाचशे किलो भाजी लागते आणि ती चार गुंठ्यांत पिकते. तेल मात्र पंचेचाळीस किलोच लागते, तरी त्यासाठी चौदा गुंठे अडकून पडतात. घरचे सगळे अन्न घरच्या जमिनीत पिकवायचे ठरवणारी बहुतेक माणसे भाजीच्या वाफ्यांपासून सुरुवात करतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्या लक्षात येते की वाणसामानाच्या दुकानाचे बिल जवळजवळ होते तेवढेच राहिले आहे. भाजी पोटाला आधार देते, पण पोट भरते ते धान्याने, डाळीने आणि तेलाने. आणि दूध हवे असेल तर त्याआधी जनावराचे पोट भरावे लागते. म्हणून हे नियोजन ताटातून कोठाराकडे आणि कोठारातून शेताकडे, अशा उलट्या क्रमाने करावे लागते.

पुढील सर्व हिशोब पुरंदर तालुक्यातील कोरडवाहू पट्ट्यातल्या, पावसाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असलेल्या, मध्यम जमिनीच्या ८० गुंठ्यांचा आहे. या जमिनीवर आमचे पाच जणांचे घर नऊ वर्षे जेवत आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून दहा गुंठ्यांत कुटुंबाचे भागवण्याचा विचार मांडला होता आणि त्यातून आम्ही पुष्कळ शिकलो. परंतु तेल, दूध आणि दुष्काळी वर्षाची शिल्लक हे तिन्ही धरले, तर आमच्या पावसात दोन एकरांपेक्षा कमी जमिनीत भागेल असे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. कोकणात किंवा मावळात भात हे मुख्य धान्य धरून हेच गणित वेगळे मांडावे लागेल. जमीन विकत घेण्यापासून सुरुवात असेल, तर १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकरीच विकत घेऊ शकतो, हे सातबारा पाहण्याच्याही आधी तपासावे.

पहिली पायरी: वही आणि तराजू

जमिनीला हात लावण्यापूर्वी निदान तीन महिने, आणि शक्य असल्यास वर्षभर, घरात शिजणारा प्रत्येक पदार्थ कोरडा असताना तोलून वहीत लिहावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण अंदाज हमखास चुकतात. आम्हाला वाटत होते की आमच्याकडे गहू फारच कमी लागतो. वहीने सांगितले की मुलांच्या डब्यातल्या पोळ्या आणि सणावाराचे पुरण धरून तो १७० किलो होतो.

आमच्या वहीतून निघालेली वर्षाची गरज अशी आहे. ज्वारी ३०० किलो, बाजरी १२० किलो, गहू १७० किलो आणि तांदूळ ६० किलो, म्हणजे एकूण धान्य ६५० किलो. तूरडाळ, मूग, मटकी आणि हरभरा मिळून ११० ते ११५ किलो. तेल ४५ किलो, आणि त्याखेरीज कूट, चटणी व लाडवांसाठी शेंगदाणे ४० किलो. कांदा १०० किलोच्या पुढे, वाळलेली मिरची १० किलो, गूळ ५० किलो आणि दूध रोज दोन लिटर. यांपैकी तांदूळ आमच्या जमिनीत पिकत नाही, गूळ घरी काढणे परवडत नाही, आणि मीठ, चहा, जिरे, हिंग हे तर विकतच आणावे लागते. ऊस एक गुंठा आहे, पण टनभर उसासाठी कोणी गुऱ्हाळ पेटवत नाही; तो ऊस शेजाऱ्याच्या उसाबरोबर गुऱ्हाळावर जातो आणि आमच्या वाट्याची ढेप परत येते. तांदूळ भोर भागातल्या नातेवाइकांकडून हरभरा आणि ज्वारीच्या बदल्यात येतो. सगळे अन्न आपलेच पिकवायचे हा हट्ट इथपर्यंतच ताणावा. त्यापुढे अदलाबदल हीच शहाणपणाची.

दुसरी पायरी: गुंठ्यांची वाटणी

उत्पादन धरताना कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेतील किंवा बियाण्याच्या पिशवीवरील आकडा कधीही धरू नये. रब्बी ज्वारीला संरक्षित पाणी दिले तर आमच्याकडे गुंठ्याला २० किलो उतरते, पण नियोजन मी १५ किलोने करतो. म्हणजे ३०० किलोंसाठी २० गुंठे. चांगल्या वर्षी शंभर किलो ज्वारी उरते आणि ती कोंबड्यांच्या व बियाण्याच्या कामी येते. वाईट वर्षी घर उपाशी राहत नाही.

बाजरीला तुरीचे आंतरपीक घालून ९ गुंठे दिले आहेत. दोन ओळी बाजरीच्या आणि एक ओळ तुरीची, या प्रमाणात बाजरी सव्वाशे किलोच्या आसपास आणि तूर ४५ किलोपर्यंत मिळते. भरडल्यावर तुरीची सुमारे सत्तर टक्के डाळ होते. भुईमुगाला १४ गुंठे. गुंठ्याला १७-१८ किलो वाळलेल्या शेंगा धरल्या, तर सुमारे २४० किलो शेंगा आणि त्यांचे १६५-१७० किलो दाणे होतात. त्यांतले बारा-पंधरा किलो बियाण्याला, चाळीस किलो स्वयंपाकघरात आणि उरलेले ११२ किलो लाकडी घाण्यावर. दाण्यांचे चाळीस टक्के तेल पडते, म्हणजे ४५ किलो, आणि राहिलेली साठ-पासष्ट किलो पेंड गायीला. या साखळीत एकच कडी ढिली पडली, उदाहरणार्थ काढणीच्या वेळी पाऊस लागून शेंगा जमिनीतच उगवल्या, तर त्या वर्षी तेल विकत आणण्याची तयारी ठेवावी लागते. आम्हाला नऊपैकी दोन वर्षे ते आणावे लागले.

भाजीला ४ गुंठे, कांदा-लसूण-मिरची-हळदीला ३, हिरव्या चाऱ्याला ५, उसाला १, फळझाडांना ८, शेततळ्याला ३, घर-गोठा-खळे-खतखड्डे यांना ६ आणि बांध व वाटेला ७ गुंठे, असे धरल्यावर ऐंशी भरतात. बांधाचे सात गुंठे वाया गेले असे समजू नये. शेवगा, हादगा, कढीपत्ता, लिंबू, आवळा, एरंड आणि कडुनिंब हे सगळे बांधावरच उभे आहेत.

एकाच जमिनीत दोन हंगाम बसवल्याशिवाय हे गणित जुळत नाही. ज्वारीच्या २० गुंठ्यांपैकी ६ गुंठ्यांत मृगाच्या पावसावर मूग-मटकी पेरतो. ती ऑगस्टअखेर निघते आणि रान ज्वारीला मोकळे होते. उरलेल्या १४ गुंठ्यांत ताग पेरून तो पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर येताच गाडतो. भुईमूग ऑक्टोबरात निघाला की त्याच रानात नोव्हेंबरमध्ये ५ गुंठे गहू आणि ४ गुंठे हरभरा येतो. ज्वारी, भुईमूग आणि बाजरी-तूर यांची राने दरवर्षी पुढे सरकवावीत. भुईमूग त्याच रानात पुन्हा पुन्हा घेतला, तर मूळकूज आणि टिक्का (पानांवरच्या ठिपक्यांचा रोग) वाढतो, हे आम्ही आळसापोटी एकदा करून पाहिले आहे.

तिसरी पायरी: पाणी आधी, पेरणी मग

आमच्या विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी असते, म्हणून खरा प्रश्न मार्च ते जूनचा आहे. १५ × १५ मीटर तोंडाचे, ३ मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार असलेले शेततळे ४४१ घनमीटर, म्हणजे सुमारे ४ लाख ४१ हजार लिटर पाणी धरते. मुरमाड जमिनीत त्याला ५०० मायक्रॉनचे प्लास्टिक अंथरल्याशिवाय पाणी टिकत नाही.

आता खर्चाची बाजू पाहावी. पाच गुंठे गव्हाला सहा सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर तीस हजार लिटर लागतात. पाच पाळ्या म्हणजे दीड लाख, आणि त्या विहिरीवर भागतात. भाजीच्या चार गुंठ्यांना उन्हाळ्यात ठिबकने रोज पंधराशे ते दोन हजार लिटर लागतात, म्हणजे मार्चपासून मृगापर्यंत दोन लाखांच्या आत-बाहेर. गाय, चारा आणि लहान फळझाडे यांचे पाणी याच तळ्यातून जाते, आणि वैशाखातल्या उन्हात तळ्याच्या तोंडावरून रोज सेंटीमीटरभर पाणी नुसते उडून जाते ते वेगळेच. या कारणाने आम्ही उन्हाळी भुईमूग कधी घेतला नाही. त्याचे उत्पादन खरिपापेक्षा चांगले येते हे खरे, पण तो आमच्या भाजीचे पाणी पितो.

घराच्या छपरावरचे पाणीही मोजावे. शंभर चौरस मीटर छपरावर साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती वजा जाता चव्वेचाळीस हजार लिटर पाणी टाकीत येते. मोरीचे पाणी केळी आणि अळूला सोडले की त्या दोन्हींना वेगळे पाणी द्यावे लागत नाही.

ज्या पिकाला एकच पाणी देणे शक्य आहे, त्याला ते केव्हा द्यायचे हे ठाऊक असणे हे तळ्याइतकेच महत्त्वाचे आहे. गव्हाला पेरणीनंतर अठराव्या ते एकविसाव्या दिवशी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पाणी चुकले तर पुढच्या चार पाळ्यांनी ते नुकसान भरून निघत नाही. ज्वारीला पोटरीत असताना, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात असताना, आणि हरभऱ्याला घाटे भरताना मिळालेले एक पाणी दाण्याचे वजन ठरवते.

चौथी पायरी: क्रम वर्षांचा

सगळे एकदम सुरू करणाऱ्याचे सगळे एकदम बिघडते. पहिल्या वर्षी माती तपासून घ्यावी, तळे खोदावे, बांध घालावेत, पावसाळ्याच्या तोंडावर फळझाडे लावावीत आणि दोनच गुंठे भाजी करावी. फळझाडे पहिल्याच वर्षी लावण्याचे कारण साधे आहे: पपई दहा-अकरा महिन्यांत फळ देते आणि पेरू दोन-तीन वर्षांत, पण आंब्याची वाट चार-पाच वर्षे पाहावी लागते. पुरंदरात सीताफळ आणि अंजीर ही तर ओळखीचीच झाडे. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही आहे. घरापुरती दोन अंजिरे, चार सीताफळे, दोन केशर आंबे, दोन पेरू, एक चिकू आणि चार पपया एवढ्याने फळांची गरज भागते.

दुसऱ्या वर्षी धान्य, डाळी आणि भुईमूग घ्यावा, आणि त्याच वर्षी चाऱ्याचे पाच गुंठे लावून टाकावेत. गाय तिसऱ्या वर्षी आणावी. आम्ही गाय आधी आणली आणि चारा नंतर लावला. त्या उन्हाळ्यात दुधापेक्षा कडब्याचा खर्च जास्त झाला आणि शेवटी गाय तीन महिने सासुरवाडीला पाठवावी लागली, याची आठवण घरात अजून काढली जाते.

एका गायीला रोज पंधरा किलो हिरवा आणि पाच किलो वाळला चारा लागतो. वर्षाला हिरवा साडेपाच टन होतो. पाणी असेल तर संकरित नेपियर चार गुंठ्यांत तेवढा देतो आणि पाचव्या गुंठ्यात लसूणघास घ्यावा. वाळला चारा १८०० किलो हवा. वीस गुंठ्यांचा कडबा १२०० किलो, बाजरीचे सरमड साडेतीनशे आणि भुईमुगाचा पाला साडेतीनशे, असे एकोणीसशे किलो होतात. म्हणजे जेमतेम पुरते, आणि म्हणून दुसरी गाय आणण्याचा मोह टाळावा. गाय आश्विन-कार्तिकात व्यालेली बरी, कारण पुढचे चार महिने चाऱ्याचे असतात. पुढच्या वेतापूर्वीचे दोन महिने तिला आटवावे लागते; त्या काळात शेजारच्या घरातून दूध येते आणि त्यांची गाय आटली की आमच्याकडून जाते.

ज्यांची जमीन याहून कमी आहे त्यांनी गायीऐवजी दोन शेळ्या पाळाव्यात. संगमनेरी शेळी बांधावरच्या पाल्यावर भागवते. तूप मिळणार नाही आणि शेणखत फार कमी मिळेल, एवढा फरक मान्य करावा लागेल.

कोंबड्या सहा आणि एक कोंबडा पुरे. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पण ती खुडूक बसते आणि पिले काढते, म्हणून दरवर्षी नवे पक्षी विकत आणावे लागत नाहीत. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही मानमोडीची लस चुकवू नये. पहिल्या वर्षी "गावरान आहेत, त्यांना काय होतंय" असे म्हणून मी लस टाळली आणि चार दिवसांत अकरा पक्षी माना वाकड्या करून गेले.

पाचवी पायरी: खताचा ताळमेळ

एक गाय रोज दहा किलो शेण देते. वर्षाचे साडेतीन टन शेण, गोठ्यातली काडी आणि पालापाचोळा कुजून दोन टनांच्या आसपास खत होते. एकरी पाच टन, म्हणजे गुंठ्याला सव्वाशे किलो या हिशोबाने ते सोळा गुंठ्यांना पुरते. त्यांतले सात गुंठे भाजी-मिरचीचे दरवर्षी ठरलेले, आणि उरलेले खत एका वर्षी एका रानाला. बाकीच्या रानांना तागाचे हिरवळीचे खत, तूर-भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी आणि काडीकचरा यांवर चालवावे लागते. एका गायीच्या शेणावर गोबरगॅस पुरेसा पेटत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

खतासाठी आम्ही नाडेप हौद बांधला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, ऊर्फ नाडेपकाका, यांची ही पद्धत: दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच हौद, भिंतींत हवेसाठी ठेवलेली भोके, आणि आत काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर. थोड्या शेणात पुष्कळ कचरा कुजवणे हे तिचे मर्म असल्यामुळे एक गायीच्या घराला ती नेमकी लागू पडते. शेवटी हौद शेणमातीने लिंपून घ्यावा आणि भेगा पडल्या की पुन्हा लिंपावा. तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

किडीसाठी आमच्याकडे निंबोळी अर्कापलीकडे फारसे काही वापरले जात नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पडलेल्या निंबोळ्या मुलांकडून गोळा करून सावलीत वाळवाव्यात. पाच किलो निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि पाणी घालून शंभर लिटर करावे. संध्याकाळी फवारावे, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो. हरभऱ्यात मूठभर ज्वारी टाकून पेरली की पक्षी त्या ताटांवर बसतात आणि घाटेअळी टिपतात.

सहावी पायरी: पाखरे, राखण आणि शेजार

लहान शेताचे एक दुखणे मोठ्या शेताला कळत नाही. आजूबाजूला ऊस आणि टोमॅटो असताना मध्येच नऊ गुंठे बाजरी निसवली, तर पंचक्रोशीतल्या चिमण्या, सुगरणी आणि पोपट तिथेच उतरतात. पहिल्या वर्षी माझी सगळी बाजरी चाळीस किलो भरली. कणीस हातात घेतले तर वरून भरलेले दिसे आणि अंगठ्याने चोळले की खालून रिकामी भुसकटे गळत. त्यानंतर तीन गोष्टी केल्या. केसाळ कणसाचे गावरान वाण धरले, कारण कुसळांमुळे पाखराला त्यावर नीट बसता येत नाही. शेजारच्या दोन घरांना आपल्याच आठवड्यात बाजरी पेरायला लावली, म्हणजे नुकसान वाटले जाते. आणि दाणे दुधात आल्यापासून तीन आठवडे सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी चार ते साडेसहा घरातला एक माणूस शेतातल्या माळ्यावर गोफण घेऊन बसवला. बुजगावण्याचा परिणाम चौथ्या दिवशी संपतो.

ज्वारीच्या कडेने करडईच्या दोन ओळी लावण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत स्वस्त कुंपण आहे. तिच्या काट्यांमुळे मोकाट जनावर आत शिरत नाही, कोवळेपणी भाजी होते आणि दाणे घाण्यावर जातात. ज्वारीची पेरणी उत्तरा-हस्ताच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकावी. मालदांडीसारखे वाण घरासाठी धरावे, कारण भाकरी आणि कडबा या दोन्हींना ते उतरते.

सातवी पायरी: ज्येष्ठ-आषाढाची पोकळी

डिसेंबर-जानेवारीत भाजी इतकी येते की पाहुण्यांच्या पिशव्या भराव्या लागतात. खरी कसोटी मेअखेर ते जुलैअखेर या दोन महिन्यांत लागते. उन्हाळी भाजी करपून गेलेली असते आणि पावसाळी वेल अजून मांडवावर चढलेले नसतात. या पोकळीचे नियोजन जानेवारीतच करावे. लाल भोपळा देठासकट काढून खाटेखाली कोरड्या जागी ठेवला तर चार महिने सहज टिकतो. कोहळ्याचे सांडगे, वाळवलेली गवार, भरून वाळवलेल्या मिरच्या, मेथीचा वाळला पाला, कैरीच्या फोडी आणि कुरडया हे पदार्थ चैत्र-वैशाखात छपरावर वाळतात. रब्बी कांदा डिसेंबरात लावून एप्रिलमध्ये काढावा, पात जिरेपर्यंत सावलीत सुकवावा आणि माना नीट बंद झालेलाच कांदा चाळीत भरावा. जाड मानेचा कांदा आधी खाऊन संपवावा. सुरण जमिनीतच राहू द्यावा.

पहिला पाऊस झाला की तांदुळजा, घोळ, कुर्डू आणि टाकळा आपोआप येतात, आणि बांधावर करटुली दिसू लागते. या भाज्या जाणत्या माणसाबरोबर फिरून ओळखायला शिकाव्यात. पुस्तकातल्या चित्रावरून किंवा मोबाइलवरून रानभाजी खुडू नये.

बाकीच्या काळात भाजीचा एकच नियम पाळावा: एकदम सगळे न पेरता दर पंधरा-वीस दिवसांनी एक वाफा. चार गुंठ्यांचे बारा वाफे पाडले, तर कायम चार काढणीला, चार वाढीला आणि चार तयारीत राहतात.

आठवी पायरी: कोठार

पिकवलेले धान्य टिकवणे हे पिकवण्यापेक्षा अवघड आहे, असे माझे मत झाले आहे. तिसऱ्या वर्षी हरभरा चांगला साठ किलो झाला; तो एकच ऊन देऊन घाईने डब्यांत भरला आणि जूनमध्ये झाकण उघडले तेव्हा प्रत्येक दाण्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक होते व तळाशी पीठ साचले होते. भुंगा शेतातूनच अंडी घालून दाण्याबरोबर येतो, म्हणून डाळींना कडक ऊन देणे अपरिहार्य आहे. काळ्या कापडावर किंवा पत्र्यावर पातळ पसरून सलग चार-पाच उन्हे द्यावीत आणि दाणा गार झाल्यावरच भरावा. गरम दाणा भरला की आत घाम धरतो. वाळल्याची परीक्षा दातांची: दाणा दाताखाली कट्ट वाजून दोन तुकडे झाला तर वाळला, चेपला तर अजून ऊन हवे.

मूग आणि मटकीला शेणीची चाळलेली राख चोळून ठेवावी. गव्हाला हाताला एरंडेल लावून दाणा नुसता चमकेल इतपत चोळावे. ज्वारी आम्ही शेणमातीने आतून-बाहेरून लिंपलेल्या कणगीत, तळाला आणि मध्ये वाळल्या कडुनिंबाचा पाला घालून भरतो, आणि कणगी जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्यांवर ठेवतो. उंदरांसाठी मांजर हाच उपाय उरतो. तूर सबंध ठेवावी आणि लागेल तशी दोन-तीन महिन्यांची डाळ करावी: रात्रभर भिजवून, काव (तांबडी माती) लावून, खडखडीत वाळवून जात्यावर भरडावी. शेंगा टरफलासकट ठेवाव्यात, कारण फोडलेले दाणे लवकर खवट होतात आणि बुरशी लागलेला दाणा तर घाण्यावरही नेऊ नये, कोंबड्यांनाही घालू नये. तेल तीन-तीन महिन्यांचे काढावे.

बियाणे कोठारातून वेगळे काढावे, आणि ते खाण्याच्या धान्याआधी. गहू, मूग, हरभरा, भुईमूग आणि टोमॅटो यांत परागीकरण आपल्या आपल्यातच होत असल्याने त्यांचे बी घरचे धरणे सोपे आहे. चांगली झाडे काढणीआधीच दोरी बांधून ठेवावीत. बाजरी, मका, भोपळा आणि काकडी ही पिके शेजारच्या रानातले पराग घेतात, म्हणून त्यांचे बी धरायचे असेल तर शेताच्या मधल्या भागातूनच घ्यावे आणि भोपळ्याची एका वर्षी एकच जात लावावी. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती अशाच घरगुती बियाण्यांच्या जपणुकीसाठी. गावरान वाणांचे बी शोधणाऱ्याने आधी आपल्याच गावातल्या म्हाताऱ्या बायकांची गाडगी पाहावीत. आम्हाला वाल आणि केसाळ बाजरी तिथेच मिळाली.

हे सर्व करायला दोन मोठ्या माणसांचे रोजचे चार-चार तास आणि पेरणी, खुरपणी व काढणीच्या वेळी पूर्ण दिवस जातात. खुरपणीच्या दोन आठवड्यांत आणि ज्वारी काढताना आम्ही शेजाऱ्यांशी सावड करतो, म्हणजे त्यांचे दोन दिवस आमच्या रानात आणि आमचे दोन त्यांच्या.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे कोठार मोजले जाते. रब्बी घरात आलेली असते आणि खरीप अजून सहा महिने दूर असतो. त्या दिवशी ज्वारी २७५ किलो, गहू १६० किलो, सर्व डाळी मिळून ८५ किलो आणि शेंगा १२० किलो असाव्यात, त्याशिवाय बियाण्याची गाडगी तोंड बांधून वेगळी. ज्वारी यापेक्षा कमी भरली, तर मृगात तागाच्या पाच-सहा गुंठ्यांत बाजरी वाढवायची. शेंगा कमी भरल्या, तर तेलाचे माप त्याच दिवसापासून खाली आणायचे. आणि कडब्याच्या पेंढ्या अडीचशेच्या खाली असतील, तर पाऊस पडून भाव उतरेपर्यंत न थांबता त्याच आठवड्यात शेजारच्या गावातून शंभर पेंढ्या आणून रचायच्या.